बाळाचा बाप्तिस्मा, लिंबोची भीती आणि छडी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

धर्मग्रामातल्या लहान मुलांबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येत आहेत आणि त्यांतले बरेच 'कुणीतरी सांगितलं' यावर उभे आहेत. म्हणून थोडी उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न: पहिली कम्युनियन (ख्रिस्तशरीर पहिल्यांदा स्वीकारणं) नक्की कितव्या वर्षी? जो तो वेगळं सांगतो.

साधारण सातव्या वर्षापासून, मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे उपासनेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून मिळणारी पवित्र भाकर, यांतला फरक कळू लागला की. पोप दहावे पायस यांनी १९१० सालीच हे स्पष्ट केलं. वर्ग कधी सुरू होतात ते आपल्या फादरांना विचारा.

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं झालं. दीर कुवेतहून मे महिन्यात येतील, तेच धर्मपिता (बाप्तिस्म्यात बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे). हॉलवाल्याने 'बाप्तिस्मा पॅकेज'चा ॲडव्हान्सही घेतलाय. तोवर थांबलं तर चालेल ना?

नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा द्यावा, असं चर्चचा कायदा सांगतो. तुम्हाला आधीच उशीर झालाय. फुग्यांची कमान, ड्रोनवाला, तीन थरांचा केक यांचा संस्काराशी काडीचा संबंध नाही. जेवण मे महिन्यात खुशाल घाला. धर्मपिता सोळा वर्षं पूर्ण झालेला, दृढीकरण (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला आणि श्रद्धेनं जगणारा कॅथलिक हवा. दीर इथे नसताना काय करता येईल ते फादर सांगतील. याच आठवड्यात त्यांना भेटा.

प्रश्न: नवरा मुलाला पट्ट्याने मारतो. विचारलं की बायबल दाखवतो: 'जो आपली छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी होय.'

नीतिसूत्रांचं ते वचन शिस्तीविषयी आहे, पट्टा चालवायचा परवाना नव्हे. त्याच बायबलात पौल बापांना बजावतो की मुलांना चिरडीस आणू नका. अंगावर वळ उठत असतील तर प्रार्थनेची वाट पाहू नका. मुलाला डॉक्टरांना दाखवा, १०९८ या चाइल्डलाइनवर बोला. फादरांशीही बोला, पण त्यानंतर.

प्रश्न: बहीण आठव्या महिन्यात बाळंत झाली, बाळ थोड्याच वेळात गेलं. बाप्तिस्मा राहिला. घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात, ते लिंबोत अडकलंय, त्याला देव दिसायचा नाही. एकाने नऊ दिवस प्रार्थना करून 'सोडवतो' म्हणत पैसे मागितलेत. बहिणीची झोप उडालीय.

एक पैसाही देऊ नका. तुमच्या बहिणीचं बाळ कुठेही अडकलेलं नाही.

ही भीती मी घराघरांत पाहतो आणि दर वेळी चीड येते. पाचव्या शतकात संत ऑगस्टिनने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांबद्दल कठोर मत मांडलं. मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी त्याची धार कमी करायला स्वर्गही नाही आणि नरकयातनाही नाहीत अशी लिंबो नावाची मधली जागा कल्पिली. पिढ्यान्‌पिढ्या ते शिकवलं गेलं हे खरं, पण श्रद्धेचा सिद्धांत म्हणून चर्चने ते कधीच जाहीर केलं नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात लिंबोचा शब्दही नाही. अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, असं तिथे लिहिलंय, आणि आधाराला येशूचं वाक्य दिलंय: 'बालकांना माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना मनाई करू नका.' मार्कच्या दहाव्या अध्यायात हे वाचा. मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर येशू रागावला, असं मार्क स्वच्छ लिहितो. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाचा याच विषयावर दस्तऐवज निघाला. ही बाळं तारली जातील अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असा त्याचा निष्कर्ष.

घरातल्या म्हाताऱ्यांना हेही विचारा: बाळ येशूला संपवायला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा बाप्तिस्मा कुणी केला होता? त्यांचा सण आपण दरवर्षी २८ डिसेंबरला पाळतो, त्यांना हुतात्मे मानतो.

आईबापांची बाप्तिस्म्याची इच्छा होती, तर बिशपांच्या परवानगीने बाळाचा ख्रिस्ती अंत्यविधी होऊ शकतो. दफन आधीच झालं असेल तर बाळासाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ठेवा. फादरांनी बहिणीच्या घरी जाऊन तिच्याशी बोलावं, असं त्यांना सांगा. झोप उडाली आहे म्हणता, तर डॉक्टरांकडेही न्या आणि त्यात दिवस घालवू नका.

बाळंतपण जवळ आलेल्या प्रत्येक घरासाठी: बाळ धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा. चर्चला अभिप्रेत तेच करायचं आहे, एवढा हेतू हवा. डोक्यावर पाणी ओतायचं आणि म्हणायचं, 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.' मग चर्चला कळवून नोंद करून घ्यायची.

प्रश्न: मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. 'तिला काय कळतंय' म्हणून कम्युनियनच्या वर्गात घेत नाहीत.

घ्यायलाच हवं. अशी मुलं आपल्या घरच्यांच्या आणि समुदायाच्या श्रद्धेत ख्रिस्तशरीर स्वीकारतात, असं बेनेडिक्ट यांनी २००७ साली लिहून ठेवलंय. थेट फादरांना भेटा, मुलीला सोबत घेऊन. तिथेही नकार आला तर बिशपांना पत्र लिहा.