वाचकांचे प्रश्न : स्थळचित्रणाचे साहित्य

प्रश्न : मी घरी जलरंगात काम करते. आता मेणवलीच्या घाटावर बसून चित्रे काढावीत, असे मनात आहे. लाकडी पेटीचा फ्रेंच ईझल (घडीच्या पायांची चित्राची घोडी) घ्यावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : फ्रेंच ईझल सुबक असतो, पण मोठ्या आकाराचा ईझल रिकामा असतानाच पाच-सहा किलो भरतो. त्यात रंग, कागद आणि पाणी यांची भर पडली, की घाटाच्या पायऱ्या उतरताना जीव मेटाकुटीला येतो आणि चित्राला सुरुवात होण्याआधीच उत्साह मावळतो. म्हणून आधी कागदाचा आकार ठरवावा, कारण फळी, पिशवी, ब्रश आणि पाणी या सगळ्यांचे माप त्यावरूनच ठरते. इम्पिरिअल कागद २२ × ३० इंचांचा असतो. त्याचा चौथा भाग, म्हणजे ११ × १५ इंच, हा उघड्यावरच्या कामासाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो. उन्हात सावल्या सरकत असताना दोनेक तासांत तो पूर्ण करता येतो.

ईझलऐवजी कॅमेऱ्याचा हलका ट्रायपॉड घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचा स्क्रू पाव इंची असतो. १२ मिमी प्लायच्या तीन इंची चौकोनी तुकड्याला भोक पाडून त्यात पाव इंची टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा, चकती असलेला नट) ठोकावा आणि तो तुकडा चित्राच्या फळीला मागून चिकटवावा. मात्र टी-नटची चकती फळीच्या बाजूला, म्हणजे दोन्ही लाकडांच्या मध्ये दबलेली राहिली पाहिजे. तशी ती राहिली तर स्क्रू आवळताना नट लाकडात अधिक घट्ट रुततो, उलट बसवला तर तो ओढला जाऊन बाहेर येतो. फळी पाच-सहा मिमी प्लायची चालते, फक्त तिला दोन्ही बाजूंनी व्हार्निश लावावे, नाहीतर पाण्याने ती वाकते. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला आपली पिशवी अडकवली, की नदीकाठच्या वाऱ्यातही तो डगमगत नाही.

रंगांसाठी बारा घरांची पत्र्याची पेटी पुरेशी आहे. ट्यूबमधले रंग घरी आधीच घरांत भरून सुकू द्यावेत, म्हणजे ट्यूबा न्याव्या लागत नाहीत. पावसाळ्यात पेटी ओली असतानाच मिटली तर रंगांना बुरशी येते, तेव्हा घरी आल्यावर ती उघडी ठेवून वाळवावी. ब्रश बांबूच्या गुंडाळीत न्यावेत, टोके दुमडत नाहीत.

सावलीकडे मात्र कोणी पुरेसे लक्ष देत नाही. कागदावर थेट ऊन पडले, की तो डोळ्यांना दिपवतो, आपण नकळत रंग गडद लावत जातो आणि तेच चित्र घरी आणल्यावर काळवंडलेले दिसते. छत्री वापरायची तर काळी किंवा पांढरी घ्यावी, कारण रंगीत छत्रीची छटा कागदावर उतरते आणि रंगांचा अंदाज चुकतो. ती ट्रायपॉडला बांधू नये, वाऱ्याचा झोत आला तर सगळेच आडवे होईल.

प्रश्न : तैलरंगाचे साहित्य रेल्वेने नेता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रंगांच्या ट्यूबा नेण्यास हरकत नाही, पण टर्पेंटाइन ज्वलनशील असल्याने ते रेल्वेच्या डब्यात किंवा विमानात नेऊ नये. बाहेरगावी काम करताना पाण्यात मिसळणारे तैलरंग वापरावेत, किंवा ब्रश जवसाच्या तेलात धुऊन फडक्याने पुसावेत. मात्र जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून पिशवीत किंवा ढिगात ठेवली, तर वाळताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत.