बायकांना सही शिकवून भ्रष्टाचार थांबतो का?

तुम्ही विचारलंय: “आमची संस्था विदर्भातल्या खेड्यांत बायकांचे वर्ग सुरू करतेय. शिक्षणाने गावातला भ्रष्टाचार खरंच कमी होतो का? अभ्यासक्रमात काय ठेवू?”

कमी होतो. पण सहीपासून सुरुवात केलीत तर वाढतो. हे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्याच गावात पाहिलंय.

आमचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शिक्षक. गाव ‘अंगठामुक्त’ करायचं त्यांनी मनावर घेतलं. मी बारावी शिकलेली, म्हणून संध्याकाळचा वर्ग माझ्याकडे आला. एकेकीचा हात धरून मी नाव गिरवून घेतलं. चार महिन्यांत सगळ्या सही करायला लागल्या. भासऱ्यांचा सत्कार झाला, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं.

२०१२ च्या उन्हाळ्यात पांदण रस्त्याचं रोजगार हमी योजनेचं (रोहयो) काम निघालं. मजुरी रोजाला १४५ रुपये, पोस्टाच्या खात्यात जमा. जॉबकार्डं आणि पासबुकं रोजगार सेवकाच्या, म्हणजे गावात या कामाची नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या पिशवीत. तो पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर सह्या घ्यायचा आणि नोटा घरपोच आणून द्यायचा. बायांना वाटे, किती भला माणूस, तालुक्याची खेप वाचवतो.

बचत गटाला कर्ज हवं होतं, म्हणून पासबुकं मागवली. त्या रात्री आमच्या ओसरीत मी एकेक ओळ वाचून दाखवली: तारीख, जमा, काढले, शिल्लक. आकडे बायांना येतच होते. कापूस वेचणीचे किलो त्या तोंडी जोडतात. फक्त पासबुकात कुठला आकडा कशाचा, हे कोणी सांगितलं नव्हतं. शेजारची म्हातारी, तिला आम्ही सगळे माय म्हणतो, तिच्या खात्यावर १,७४० जमा आणि १,७४० काढलेले. हातात आले होते ८७०.

“पोरी, मी त सहाच रोज गेलती वं. वरच्या सहाचे पैसे कोनी नेले?”

अकरा पासबुकांत हाच प्रकार निघाला.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. आमच्याकडे ती कागदावरच व्हायची, त्या वर्षी खरी झाली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातलं कलम १७ वाचून दाखवलं, ग्रामसभेला कामाचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानेच हिशेब तपासणं, करता येतं ते. हजेरीपट मागितले. सभेला आलेल्या साहेबांनी ते समोर ठेवले आणि मायला विचारलं, “बाई, सही तुमचीच ना?”

सही तिचीच होती. मी शिकवलेली. अंगठा राहिला असता तर निदान “मले वाचता येत नाही” असं तिला म्हणता आलं असतं.

भासरे अजून म्हणतात, आधी सही, त्याने आत्मविश्वास येतो. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आत्मविश्वास मायला त्या रात्री आला, ‘शिल्लक’ वर बोट ठेवल्यावर. सही शिकवून दोन वर्षं झाली होती, तोवर ती सेवकाला “दादा, दादा” करत होती.

म्हणून पाटी नेऊ नका. बाईचं स्वतःचं पासबुक, जॉबकार्ड, रेशनची पावती हेच पुस्तक. माणशी ५ किलो म्हणजे घरात सहा माणसं असली तर किती, हा पहिला हिशेब. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला नाही म्हणायची तालीम वर्गातच करून घ्या, एकीला सेवक बनवा. मग माहिती अधिकाराचा अर्ज. सही सगळ्यात शेवटी.

एक सांगायचं राहिलं. सेवक बदलला, अकरापैकी सात जणींचे पैसे परत आले, पण पुढची दोन वर्षं गावात रोहयोचं कामच निघालं नाही. त्याचा राग घरच्या माणसांनी बायांवर काढला. कोणालाही एकटीला बोलायला उभं करू नका. आम्ही मायला पुढे केलं, कारण तिच्या घरात तिच्यावर रागावणारं कोणी नव्हतं.

आणि संस्थेने अहवालासाठी ‘किती जणी सही करतात’ असा रकाना दिला, तर तो खोडून ‘किती जणींचं पासबुक स्वतःच्या घरात आहे’ असं लिहा.