गोळा हवेत फुटतो तेव्हा गुरुत्वाकर्षण असतंच, मग संवेग अक्षय्य कसा?

तुमच्या शंका दोन आहेत. गोळा हवेत फुटतो तेव्हा त्याच्यावर पृथ्वीचं ओढबल असतंच, मग ‘बाह्य बल शून्य’ ही अट मोडूनही आपण संवेग अक्षय्यता (बाहेरचं बल नसेल तर एकूण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, बदलत नाही) बिनधास्त कशी वापरतो? आणि फुटल्यावर गतिज ऊर्जा वाढलेली निघते, ती कुठून येते?

पहिली शंका अगदी रास्त आहे. बहुतेक पुस्तकं अट लिहितात आणि पुढच्याच उदाहरणात ती गुपचूप बाजूला ठेवतात. खरं म्हणजे नियम आपण गोळ्याच्या सगळ्या प्रवासाला लावतच नाही. फुटण्याच्या ऐन आधी आणि लगेच नंतर, एवढ्यापुरताच लावतो. संवेग बदलतो तो बल गुणिले वेळ इतका, आणि इथे वेळ नगण्य असतो.

आकडे घालून बघा. ५ किलोचा गोळा मार्गाच्या माथ्यावर, ८० मीटर उंचीवर, ४० मी/से वेगाने आडवा चाललाय. संवेग २००. तिथे तो फुटला, २ किलोचा तुकडा जागीच थांबून सरळ खाली पडला. स्फोटाला एक हजारांश सेकंद लागला असं धरू. ५ किलोच्या गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाचं बल सुमारे ५० न्यूटन, तेव्हा तेवढ्यात त्याने दिलेला संवेग ५० × ०.००१ = ०.०५, म्हणजे दोनशेपुढे काहीच नाही. याउलट त्या तुकड्याचा ८० इतका संवेग तेवढ्याच वेळात गेला, म्हणजे त्याच्यावर सरासरी ८०,००० न्यूटन बल होतं. पण ते आतलं. दुसऱ्या तुकड्यावर तेवढंच उलट दिशेने, म्हणून बेरजेत शून्य. तेव्हा ३ किलोच्या तुकड्याचा वेग २०० ÷ ३, सुमारे ६६.७ मी/से.

आता गंमत इथे आहे. माथ्यापासून जमिनीपर्यंत यायला ४ सेकंद लागतात (गुरुत्वत्वरण g १० धरून, हवेचा विरोध सोडून). माथा तोफेपासून १६० मीटरवर, म्हणजे न फुटता गोळा ३२० मीटरवर पडला असता. लहान तुकडा १६० वर पडतो, मोठा १६० + २६६.७ = ४२६.७ वर. दोघांचं वस्तुमानकेंद्र, म्हणजे वस्तुमानाच्या हिशेबाने सरासरी जागा, काढा: (२ × १६० + ३ × ४२६.७) ÷ ५ = ३२०! गोळ्याचे तुकडे झाले तरी वस्तुमानकेंद्र आपल्या जुन्याच वाटेने गेलं. मात्र एखादा तुकडा आधी जमिनीवर आदळला तर हा हिशेब तिथेच संपतो, कारण जमिनीचं बल मध्ये येतं. परीक्षेत हे विचारतात.

ऊर्जेचं म्हणाल तर आधी ४००० ज्यूल, नंतर सुमारे ६६६७. जास्तीचे २६६७ ज्यूल दारूतल्या रासायनिक ऊर्जेतून आले. ऊर्जा अक्षय्यच आहे, पण गतिज ऊर्जा अक्षय्य असल्याचं इथे कोणीही म्हटलेलं नाही. म्हणून स्फोटाच्या गणितात ‘आधीची गतिज ऊर्जा = नंतरची’ हे समीकरण लिहायचंच नाही.

स्थिर वस्तूचे दोनच तुकडे झाले तर मुक्त झालेली ऊर्जा वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. युरेनियम-२३८ मधून अल्फा कण सुटतो तेव्हा मिळणाऱ्या सुमारे ४.२७ एमईव्हीपैकी (एमईव्ही हे अणुकेंद्रातली ऊर्जा मोजायचं एकक) जवळजवळ ४.२० तो हलका कणच घेऊन जातो, जड थोरियमच्या वाट्याला जेमतेम ०.०७. दोन तुकडे म्हटलं की वाटणी ठरलेलीच. बीटा ऱ्हासात, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, मात्र इलेक्ट्रॉन कधी जास्त, कधी कमी ऊर्जा घेऊन निघायचे. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीने १९३० मध्ये सुचवलं की तिसरा एक अदृश्य तुकडा असला पाहिजे. तोच न्यूट्रिनो, १९५६ मध्ये कोवन आणि राइनेस यांनी प्रत्यक्ष पकडलेला.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवा: ‘सापेक्ष’ हा शब्द. स्थिर असलेल्या ६० किलोच्या ट्रॉलीवरून ४० किलोचा मुलगा ट्रॉलीच्या सापेक्ष ५ मी/से वेगाने उडी मारतो, तर जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ५ नाही, ५ − V आहे (V हा ट्रॉलीचा मागे जाण्याचा वेग). ६०V = ४०(५ − V), म्हणून ट्रॉली २ मी/से वेगाने मागे जाते. थेट ५ घातलेत तर उत्तर ३.३ येतं, आणि बहुपर्यायी प्रश्नात तोही पर्याय हमखास दिलेला असतो.