चुलतभावाला घर द्यायचंय

प्रश्न : शहापुरातलं आमचं कौलारू घर आजोबांनी बांधलं. ते 1971 साली गेले, मृत्युपत्र नव्हतं. थोरले म्हणून सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वडिलांचं एकट्याचं नाव लागलं. वडिलांनी मृत्युपत्र करून घर मला दिलं. मी पुण्याला असते. वडिलांचं शेवटचं आजारपण चुलतभावाने काढलं, तोच आता तिथे राहतो. अर्धं घर त्याला बक्षीस द्यायचंय. त्याला टॅक्स बसेल का? शंभराच्या बॉन्डवर लिहून दिलं तर चालेल?
– एक वाचक, मूळ शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, बक्षीसपत्राचं नंतर बघू. आधी हे सांगा, तुमचे वडील आणि काका यांची रीतसर वाटणी झाली होती का? नसेल, तर उताऱ्यावर नाव लागल्याने घर एकट्या वडिलांचं झालं नाही. 1956 च्या वारसा कायद्याने आजोबांमागे आजी, मुलगे आणि मुली सारखेच वाटेकरी. वडिलांचं मृत्युपत्र त्यांच्या स्वतःच्या हिश्शापुरतंच चालतं. म्हणजे तुम्ही प्रेमाने देऊ बघताय त्यातला बराचसा भाग काकांच्या वाट्याने त्या भावाचाच असेल. तो वाटणीपत्र करून द्या. स्वतःचा हिस्सा वेगळा करून घेण्यावर आयकर नाही. मात्र आत्या असतील तर त्यांना विचारल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. सासरी नांदली म्हणून हक्क बुडत नाही.

वाटणी झालेली असेल आणि घर खरंच तुमचं असेल, तर मात्र टॅक्सचा प्रश्न येतो. काकाने पुतण्याला दिलं तर कर माफ. पुतण्याने काकाला दिलं तर लागू. चुलतभाऊ, मावसभाऊ तर आयकराच्या नातेवाइकांत धरतच नाहीत. ज्याला आपण राखी बांधतो त्याला कायदा परका मानतो, हे मला आजही पटत नाही, पण आहे ते असं आहे. बक्षिसाची सरकारी किंमत 50,000 रुपयांच्या वर गेली की वरचीच नव्हे, सगळी रक्कम त्याच्या त्या वर्षाच्या उत्पन्नात धरतात. मुद्रांकातही कर्नाटकात सख्ख्या भावा-बहिणीला सवलत आहे, चुलतभावासाठी सरकारी किमतीच्या 5 टक्के, वर सेस आणि नोंदणी फी. देणाऱ्या तुम्हाला कर नाही.

म्हणून माझा सल्ला, तुमच्या हिश्शाचं मृत्युपत्र त्याच्या नावे करा. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा कर लागत नाही, नातं कोणतंही असो. मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच. घरात तो राहतोच आहे, त्याचं काही अडणार नाही.

बॉन्डचं म्हणाल तर, माझ्याकडे एकदा असाच पिवळा पडलेला, चौघड्या घातलेला कागद आला होता. खाली म्हातारीचा अंगठा, शाई पसरलेली. देणारी गेली होती, नोंदणी नव्हती. ते बक्षीस उभंच राहिलं नाही, आणि तिला सांभाळणारी पोरगी घराबाहेर पडली. घराचं बक्षीसपत्र नोंदवल्याशिवाय होत नाही, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारावं लागतं.

आणखी एक, दस्त बहुधा कन्नडमध्ये होईल. सही करण्याआधी चतुःसीमा आणि नावं कुणाकडून तरी मराठीत मोठ्याने वाचून घ्या.