पाय निघत नाही

‘पंधरा दिवसांसाठी आले होते, सात महिने झाले. निघायचंय, पण पाय निघत नाही.’ गावाचं नाव तेवढं बदलतं; हे वाक्य मी उपचारासाठी येणाऱ्यांकडून वर्षातून पाच-सहा वेळा तरी ऐकते. कुठूनही काम करता येऊ लागल्यापासून तर जास्तच. कुणाचं धरमशाला असतं, कुणाचं पुद्दुचेरी, कुणाचं परदेशातलं आडगाव. आणि प्रत्येकाला वाटत असतं, आपल्यातच काहीतरी बिघडलंय. फिरायला गेलेल्या माणसाला एखाद्या गावाचा इतका लळा लागावा का?

लागावा. लळा हा आजार नाही. तरीही लोक का अडकतात, हे एका मुलीच्या निमित्ताने सांगते. (तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती भाषांतराचं काम करते. कार्तिक पौर्णिमेची देवदीपावली पाहायला नोव्हेंबरात काशीला गेली आणि ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत खोली घेऊन राहिली. त्या भागात पेशवाईपासूनची मराठी घरं आहेत, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच घरच्यासारखं वाटू लागलं, असं ती म्हणाली. माझ्याशी बोलायला लागली तेव्हा जून उजाडला होता. ऊन पंचेचाळीस अंशांवर, परतीचं तिकीट तीनदा रद्द केलेलं, आणि आईचा रोजचा फोन: ‘कधी येतेस?’

‘आपल्याकडे म्हणसुद्धा जाण्याचीच आहे, मॅडम,’ ती म्हणाली. ‘काशीस जावे, नित्य वदावे. निघावं कसं, ते कुणीच सांगून ठेवलेलं नाही.’

मी विचारलं, ‘काय राहिलंय तिथे?’

तिने वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. तेवीस नोंदी होत्या. मी त्या मोठ्याने वाचायला सांगितल्या आणि प्रत्येकीपुढे महिना लिहायला लावला. रामनगरची रामलीला अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि महिनाभर चालते. पंचगंगा घाटावरचे आकाशदीप शरद पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत. तिला त्यातला शेवटचा दिवस तेवढा मिळाला होता. मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई, पुन्हा खायचं होतं, तर ते थंडीतच मिळतं. संकटमोचन मंदिराचा संगीत समारोह एप्रिलमधला, तो तापामुळे हुकला. आणि पावसाळ्यात गंगा पायऱ्या गिळत वर येते, तेही बघायचं होतं.

‘आजपासून सुरू केलंत तर यादी कधी संपेल?’

तिने बोटांवर मोजलं. ‘पुढच्या एप्रिलमध्ये.’ मग स्वतःच म्हणाली, ‘तोवर नवीन भर पडलेली असेल.’

जुन्या शहरांचं वर्ष गोल असतं, त्याला शेवटचं पान नाही. ‘एवढं बघितलं की निघेन’ ही अट घातली की निघणं अशक्यच होतं. वहीत आणखी एक गोष्ट दिसली. तेवीसपैकी अकरा ठिकाणं बारमाही होती, चालत जाण्याजोगी होती, आणि जानेवारीपासून यादीत पडून होती. सात महिन्यांत जिथे जावंसं वाटलं नाही, ते कारण असू शकत नाही. मग कारण कोणतं?

तिसऱ्या भेटीत मी एक प्रश्न विचारला. आता तो अशा प्रत्येकाला विचारते, कारण इतका नेमका चालणारा दुसरा प्रश्न मला अजून सापडलेला नाही. ‘तुम्ही निघणार आहात हे तिथे कुणाकुणाला माहीत आहे?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मागे गल्लीत कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला.

‘कुणालाच नाही.’

‘तीन तिकिटं काढलीत, तरी?’

‘सांगितलं की मी पाहुणी होईन, मॅडम. आता चहावाले चाचा माझा पुरवा, मातीचा कप, न विचारता भरतात. घरमालकीण अम्मा भाजी निवडायला बसवतात. निघते म्हटलं की त्याच दिवशी मी बाहेरची.’

गाठ इथे होती. तीनही वेळा तिकीट रद्द झालं होतं ते सांगण्याचा दिवस तोंडावर आला म्हणून. काशी सोडणं तिला जड जात होतंच, पण अडवत होतं ते ‘पाहुणी’ होणं. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही पद्धत मराठीत शिकवताना मला एक सोय वाटते: आपल्याकडे ‘च’ आहे. ‘मी इथली असावी’ यात इच्छा आहे. ‘मी इथलीच असायला हवी’ यात हट्ट आहे. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हट्ट पुरा झाला नाही तर माणूस हलूच शकत नाही. मी तिला ते वाक्य दोन्ही तऱ्हांनी लिहायला सांगितलं. दुसऱ्या वाक्यातला ‘च’ तिने खोडला आणि म्हणाली, ‘हे खरं आहे, पण रडू येतंय.’

येऊ दे, म्हटलं. ते रडू काढून टाकणं माझं काम नव्हतंच. आवडतं गाव सोडताना दुःख व्हायलाच हवं असं नाही, पण झालं तर ते निरोगी आहे आणि ते सोबत घेऊन गाडीत बसता येतं.

पुढचं काम सांगण्याचं. सगळ्यांत सोप्या माणसापासून सुरुवात करायची ठरली: चहावाले चाचा. चार दिवस ती शब्द जुळवत होती. पाचव्या दिवशी सकाळी हातात पुरवा घेऊन एका दमात म्हणाली, ‘चाचा, मैं अगले शनिवार जा रही हूँ।’

चाचांनी गाळणं झटकलं आणि विचारलं, ‘गाड़ी कैंट से है कि मुगलसराय से?’

मुगलसराय, म्हणजे गंगेपलीकडचं लांबचं स्टेशन, म्हटल्यावर त्यांनी किती आधी निघायचं, रिक्षावाल्याला किती द्यायचे, गाडीत काय खाऊ नये, सगळं सांगितलं आणि पुरवा पुन्हा भरला. हे सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. ज्या गावात रोज हजारो माणसं येतात आणि जातात, तिथे निघणं हा आपलेपणाचाच भाग असतो, हे तिला माझ्या कुठल्याही वाक्याने पटलं नसतं. चाचांच्या एका प्रश्नाने पटलं. माझा अनुभव असा, की ज्या प्रतिक्रियेची धास्ती असते ती प्रत्यक्षात अजमावून बघणं हा सर्वांत जलद उपाय आहे.

सगळेच चाचांसारखे नसतात. अम्मा दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुगाच्या डाळीचे लाडू करायला घेतले. म्हणून माझा आग्रह असतो: जवळच्या माणसांना किमान दहा दिवस आधी सांगा. रुसण्याला दोन दिवस लागतात, रुसवा निघायला दोन, आणि मग एकत्र बसायला थोडे उरतात. आदल्या रात्री सांगितलं तर समोरच्याच्या वाट्याला फक्त रुसवा येतो, आणि तुम्ही तोच चेहरा घेऊन गाडीत बसता.

याच ओघात व्यवहाराचं सांगते, कारण निरोप बिघडतो तो बहुतेकदा इथेच. आधी तिकीट काढा, मग सांगा. तारखेशिवाय सांगितलेलं कुणी खरं धरत नाही, आपणही नाही. किराणा, दूध, इस्त्री, खोलीची अनामत, आणलेली पुस्तकं, मागून घेतलेलं भांडं, ही सगळी देणीघेणी शेवटच्या तीन दिवसांच्या आधी मिटवा. उधारी राहिली की तिच्या निमित्ताने मन मागे राहतं. यादीतल्या ठिकाणांपैकी दोनच निवडा आणि बाकीच्यांवर चक्क रेघ मारा. शेवटच्या दिवशी नवीन काही बघू नका; रोजचा रस्ता, रोजचा चहा, रोजची पायरी. सर्वांत अवघड माणसाचा निरोप शेवटच्या दिवसावर टाकू नका, त्या दिवशी ते माणूस नेमकं लग्नाला गेलेलं असतं किंवा दुकान बंद असतं. ‘लवकरच येते’ असं खोटं सांगू नका. ‘कधी येईन माहीत नाही, पण आठवण येईल’ हे ऐकायला कुणाला जड जात नाही.

आणि एक सापळा. शेवटच्या आठवड्यात गावातली घाण, गोंगाट, फसवणूक एकाएकी डोळ्यांत खुपायला लागते, घरमालकाशी किंवा सोबत्याशी क्षुल्लक कारणावरून भांडण होतं. रागावून निघणं सोपं असतं, म्हणून मन तो रस्ता शोधतं. तसं होतंय हे ओळखता आलं तरी पुष्कळ. भांडण झालंच असेल, तर निघण्याआधी जाऊन बोला.

परतल्यानंतरचं कुणी विचारतच नाही, पण निम्मा निरोप तिकडेच असतो. इथे आपली जुनी माणसं माझ्यापेक्षा शहाणी होती. काशीहून आल्यावर मावंदं घालायची रीत आहे: आणलेल्या गंगेच्या गडूची पूजा करायची, माणसांना जेवायला बोलवायचं. देवाधर्माचं ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात दिसतो तो प्रवास संपल्याचा चारचौघांत केलेला उच्चार. तिला मी हेच सुचवलं. आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत चार-पाच माणसं बोलवा, अम्मांच्या पद्धतीची एक भाजी करा, आणि पाऊण तास तुम्ही बोला, बाकीच्यांनी ऐकायचं. फोटो दाखवायचे नाहीत. फोटो दाखवले की लोक बघतात आणि ऐकत नाहीत.

पहिले दोन-तीन आठवडे ठरावीक वेळी पोकळी जाणवते, तिची संध्याकाळची आरतीची होती. त्या वेळेला घरात एकटं बसू नये, काहीतरी हाताचं काम ठेवावं. चाचांना, अम्मांना रोज फोन करू नये. आठवड्यातून एकदा पुरे. आणि तीन महिने परतीचं तिकीट काढू नये. दीड-दोन महिन्यांनंतरही झोप, भूक, काम ताळ्यावर येत नसेल, तर मात्र तो प्रश्न गावाचा राहत नाही, जाणकाराला भेटावं.

तिने मावंदं घातलं. गडू अजून तिच्या ओट्यावरच्या फळीवर आहे. तीन महिने झाल्यावर तिने विचारलं, आकाशदीप बघायला आठ दिवस जाऊ का? मी म्हटलं, तुम्हीच सांगा. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं एकदम काढली, आणि चाचांना परतीची तारीखही कळवून टाकली.