रोज दोनदा माउथवॉश वापरला तर तोंडातले सगळे जंतू मरतात का? वापरावा का?

सगळे मरत नाहीत. काही तासांत पुन्हा पहिल्याएवढे होतात. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण 'सगळे जंतू' हे शब्द वाचले आणि आमचे धाकटे भाऊजी आठवले.

चार वर्षांपूर्वी हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सफाई केली आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश दिला, पंधरा दिवसांसाठी. चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे पुढचा सगळा दोष माझाच. त्याच आठवड्यात संकष्टी आली. दिवसभर निर्जळी, आणि चंद्रोदयाच्या सुमारास आरतीला उभी असताना भाऊजी चारचौघांत म्हणाले, "वहिनी, तोंडाला वास येतोय हं." मी पंधरा दिवसांचे चार महिने केले.

आधी गेली चव. या औषधाने खारटपणा जिभेला नीट कळेनासा होतो. मला आमटी अळणी लागायची, मी वरून मीठ टाकायची. घरातले मुकाट्याने पाणी पीत होते. तोंड उघडलं ते भाऊजींनीच: "वहिनींचा हात मिठाला सैल झालाय." मग दातांवर, अगदी हिरडीच्या कडेकडेने, तपकिरी रेघ उमटली. पुतणीच्या साखरपुड्यात एका मावशींनी बाजूला घेऊन विचारलं, "मिश्री लावतेस का गं?" त्या फोटोंत मी सगळीकडे ओठ मिटून हसते आहे.

भाऊजींचं म्हणणं आजही तेच. मोरी फिनाइलने धुतो तसं तोंड धुवायचं, जंतू म्हणजे जंतू. ते स्वतः सकाळ-संध्याकाळ झाकणभर घेऊन गुळण्या करतात, आवाज जिन्यापर्यंत येतो. पण नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचे, स्वतः भिंगं बनवून सूक्ष्म जीव पाहणारे लेव्हेनहूक रोज मिठाने दात घासायचे, तरी 1683 मध्ये दातांच्या फटीतला पांढरा थर भिंगाखाली धरल्यावर त्यांना त्यात वळवळणारे जीव दिसले. नेदरलँड्समधल्या माणसांपेक्षा जास्त जीव माझ्या एका तोंडात आहेत, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आता माणसांच्या तोंडात सापडणाऱ्या जिवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती मोजल्या आहेत. गालावरचे वेगळे, जिभेवरचे वेगळे, हिरडीच्या खाचेतले आणखी वेगळे. त्या खाचेत खोलवर हवा फारशी पोहोचत नाही, तिथे हवेचं वावडं असलेलेही राहतात.

कीड म्हणाल तर तिचा मुख्य आरोपी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. पण तो थोडाफार निरोगी तोंडातही असतो, आणि त्याच्या शेजारचा सॅंग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करून त्याला दाबून ठेवतो. आपण दर तासाला गोड चहा प्यायला लागलो की चित्र उलटतं. साखरेचं आम्ल होतं, सामू (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा-एक तास लागतो. तेवढ्यात पुढचा कप. आम्लात म्युटन्सचं फावतं, सॅंग्विनिसचं नाही. म्हणजे कप मोजा, बाटल्या नव्हे.

संकष्टीच्या वासाचंही तेच. पाणी नाही, चावणं नाही, म्हणजे लाळ आटली. लाळ आटली की जिभेच्या मुळाशी बसलेले जिवाणू प्रथिनं कुजवून गंधकाचे वायू सोडतात. सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो तो यामुळेच, कारण झोपेत लाळ फारशी सुटत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर आरतीच्या ताटापाशीच सुनावलं असतं. आता मी तांब्याच्या पट्टीने जीभ मागपर्यंत खरवडते आणि उपासाला पाणी पिते. निर्जळी सोडली, बाप्पाने काही म्हटलेलं नाही.

आणखी एक, खास भाऊजींसाठी. पालक, बीट, मुळा यांतलं नायट्रेट रक्तातून परत लाळेत येतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि शरीर त्यापासून रक्तवाहिन्या सैलावणारा नायट्रिक ऑक्साइड बनवतं. पहिली पायरी आपल्या पेशींना जवळजवळ जमतच नाही. जंतुनाशक गुळण्या करणाऱ्यांचा रक्तदाब थोडा वाढल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. भाऊजी बीपीची गोळी घेतात, रोज बीटाचा रस पितात आणि वर गुळण्या करतात.

हे वाचून कुणी गोळी बंद करू नका. दात काढल्यावर किंवा हिरड्यांच्या उपचारानंतर डॉक्टरांनी माउथवॉश दिला असेल तर सांगितले तेवढे दिवस जरूर वापरा, मलाही त्या पहिल्या पंधरा दिवसांत फायदाच झाला होता. फ्लोराइडच्या गुळण्यांचं प्रकरण वेगळं, त्या कीड रोखायला असतात.

डाग डॉक्टरांनी एका बैठकीत घासून काढले. चव बाटली बंद केल्यावर हळूहळू परतली. आमटीत मीठ आता बेताचं असतं, तरी भाऊजी ताटावर बसले की आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढतात.