शोधनिबंध परीक्षकाकडे गेल्यावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका जर्नलला शोधनिबंध पाठवून चार महिने झाले. पहिले तीन आठवडे पोर्टलवर ‘विथ एडिटर’ दिसत होतं, तेव्हापासून ‘अंडर रिव्ह्यू’. संपादकांना विचारावं का? ते रागावतील?
– संशोधक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : रागावत नाहीत. पण आधी त्या दोन शब्दांमागे काय चालतं ते पाहा.

निबंध आला की कार्यालयात छाननी होते : शब्दमर्यादा, आकृत्या नीट उमटतात का, जिथे लागते तिथे नैतिक समितीची मान्यता आणि मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, हे पाहणारं सॉफ्टवेअर. मग संपादक सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष वाचतात. विषय जर्नलच्या कक्षेत बसत नसेल तर तिथूनच परत. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात. तुमच्या निबंधाने हा उंबरठा ओलांडलेला दिसतो.

खरा वेळ जातो तो पुढे. संपादकाला साधारण दोन-तीन परीक्षक, म्हणजे निबंध तपासून मत देणारे त्याच विषयातले जाणकार, हवे असतात, पण ते मिळवायला सात-आठ जणांना, कधी त्याहून जास्त लोकांना विचारावं लागतं. हे काम बहुतेक ठिकाणी बिनपगारी. कोणी नकार कळवतो, कोणी उत्तरच देत नाही. मग आठवडाभर थांबून पुढच्याला पत्र. होकार मिळाला की दोन ते चार आठवड्यांची मुदत देतात आणि ती सर्रास उलटते. अनेक पोर्टलवर निमंत्रणं गेली किंवा एका परीक्षकाचा होकार आला की लगेच ‘अंडर रिव्ह्यू’ उमटतं. म्हणजे निबंध अजून कोणी उघडलेलाही नसेल!

जर्नलच्या संकेतस्थळावर पहिल्या निर्णयाचा सरासरी काळ अनेकदा दिलेला असतो. तो उलटून महिना झाला की हस्तलिखित क्रमांक घालून तीन ओळींचं पत्र पाठवा. निबंध पाठवतानाच परीक्षकांची नावं सुचवायची सोय असेल तर ती वापरा, मात्र आपला गाईड, सहलेखक किंवा आपल्याच संस्थेतला माणूस नको आणि सुचवलेल्याचा ईमेल पत्ता त्याच्या संस्थेचाच द्या. फुकटच्या ईमेल पत्त्यांमागे खोटे परीक्षक उभे करण्याचे प्रकार उघड झाल्यावर २०१५ साली बायोमेड सेंट्रलला ४३ निबंध मागे घ्यावे लागले. तेव्हापासून संपादक अशा पत्त्यांकडे संशयानेच बघतात.

एक मात्र करू नका : कंटाळून तोच निबंध दुसरीकडे पाठवणं. आधी इथून मागे घ्या, मागे घेतल्याचं पत्र हाती येऊ द्या, मग पाठवा.

प्रश्न : दिवाडी बेटावरच्या खाजन शेतीतल्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या सखल शेतीतल्या) पाण्याच्या क्षारतेवरच्या माझ्या निबंधाला ‘मेजर रिव्हिजन’ आलं आहे. पहिला परीक्षक म्हणतो नमुने कमी आहेत, दुसरा विचारतो पाणी भरतीच्या कोणत्या वेळी घेतलं. शिवाय पहिल्याला चर्चेचा भाग वाढवून हवा आहे, दुसऱ्याला निम्मा. कोणाचं ऐकू?
– महाविद्यालयीन प्राध्यापक, फोंडा

उत्तर : अगोदर अभिनंदन. मेजर रिव्हिजन म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा, दार उघडं आहे. परीक्षक शिफारस करतो, निर्णय संपादकाचा असतो. म्हणून संपादकाचं पत्र पुन्हा वाचा. कोणता मुद्दा अत्यावश्यक ते त्यात अनेकदा सूचित केलेलं असतं. तिथे काहीच नसेल तर चर्चेची लांबी तुम्हीच ठरवा आणि तशी का ठेवली ते दोन्ही परीक्षकांना एकाच कारणाने सांगा.

नमुन्यांच्या आक्षेपात बहुधा आकड्यापेक्षा खोल काही दडलेलं असतं. एकाच कुणग्यातून (शेताच्या तुकड्यातून) बारा बाटल्या भरल्या तर ते बारा स्वतंत्र नमुने होत नाहीत, एकाच जागेची बारा मोजमापं होतात. संख्याशास्त्राच्या चाचणीत ती स्वतंत्र धरली असतील तर परीक्षक बरोबर आहे. कुणगानिहाय सरासरी काढून विश्लेषण पुन्हा करा. त्यात फरक टिकला नाही तर निष्कर्ष आखडता घ्या : ‘गोव्यातल्या खाजन जमिनी’ ऐवजी ‘अभ्यासलेले कुणगे’. तेव्हाचं पाणी आता कुठून आणणार? ही मर्यादा निबंधातच लिहा, परीक्षकांना द्यायच्या उत्तरपत्रात लपवू नका.

दुसऱ्याचा प्रश्न मात्र सोन्यासारखा आहे. मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या वाटेचं) दार भरतीच्या दाबाने मिटतं आणि ओहोटीला उघडतं, त्यामुळे आतल्या पाण्याची क्षारता तासातासाला हलू शकते. वेळ न सांगता दिलेला आकडा लंगडाच. तुमच्या क्षेत्रवहीत नमुन्यांच्या वेळा टिपलेल्या असतील तर त्या मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी लावा आणि सारणीत एक स्तंभ वाढवा. मांडवीतून दिवाडीपर्यंत भरती पोचायला उशीर लागतो, तो धरायला विसरू नका. वेळा टिपल्याच नसतील तर तसं सरळ कबूल करा.

उत्तरपत्रात परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, खाली तुमचं उत्तर, त्याखाली बदललेलं वाक्य आणि ओळ क्रमांक. नुसतं ‘दुरुस्ती केली आहे’ वाचून परीक्षक वैतागतो, कारण मग ती त्याला शोधत बसावी लागते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पत्रात दोन पानांचा सुरेख खुलासा आणि निबंधात एका शब्दाचाही फरक नाही. परीक्षकाला जे कळलं नाही ते वाचकालाही कळणार नाही, तेव्हा खुलासा निबंधात जायला हवा. असहमत असाल तर पुरावा देऊन नाही म्हणा. त्याने निबंध फेटाळला जात नाही.

प्रश्न : ‘पीअर रिव्ह्यूड, पाच दिवसांत प्रसिद्धी’ असं एका जर्नलचं पत्र आलं आहे, फी भरायची आहे. पाठवू का?
– सहायक प्राध्यापक, साखळी

उत्तर : नको. पीअर रिव्ह्यू म्हणजे हेच परीक्षण, आणि वर परीक्षक मिळवायलाच किती दिवस जातात ते सांगितलं आहे. पाच दिवसांत हिशेब बसत नाही. फी हा एकटा पुरावा नव्हे, कारण मुक्त प्रवेशाची, म्हणजे वाचकाला फुकट वाचता येणारी, चांगली जर्नलंही प्रकाशनशुल्क घेतात. मात्र ती निबंध स्वीकारल्यावर घेतात आणि रक्कम संकेतस्थळावर उघड असते. संपादक मंडळातली दोन नावं घेऊन त्यांच्या संस्थेच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का पाहा. आयएसएसएन हा केवळ नोंदणी क्रमांक आहे, दर्जाची खूण नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी २०२५ साली बंद झाली, म्हणून ‘केअर लिस्टेड’ अशी जाहिरात आजही करणाऱ्यांपासून चार हात दूरच राहा.

प्रश्न : डबल ब्लाइंड परीक्षणात (लेखक आणि परीक्षक यांना एकमेकांची नावं कळू न देणाऱ्या) नाव झाकलं तरी गोव्यात खाजनावर काम करणारे आम्ही मोजकेच. ओळखणार नाहीत का?
– संशोधक, केपे

उत्तर : कधीकधी ओळखतातच. तरी हाताशी असलेलं तेवढं तरी झाका. ‘आमच्या पूर्वीच्या अभ्यासात’ ऐवजी तृतीयपुरुषी संदर्भ द्या, आभार आणि अनुदानाचा क्रमांक शीर्षकपानाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. सगळ्यात जास्त फसवते ती वर्डची फाइल. मजकुरात नाव नसतं, पण फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं आणि शेवटी कोणी जतन केली त्याचं नाव असतं, समासातल्या टिपांवर गाईडचं असतं. फाइल, मग इन्फो, मग चेक फॉर इश्यूज, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं करून ते काढा. पीडीएफ त्यानंतरच बनवा, आधी नको.